शॅक (रेडिओची खोली) जोडायला बसण्याआधी

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना आला, कॉल साइन (हवेतलं आपलं नाव) मिळालं, रिग (ऐकायचा-बोलायचा संच) खोक्यातून बाहेर निघाली, की हात शिवशिवायला लागतात. सगळं एकदम जोडावं आणि ४० मीटर बँडवर कोण बोलतंय ते ऐकावं, असं वाटतं. तरी एक-दोन संध्याकाळी धीर धरा. रिग, पॉवर सप्लाय, ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवणारं यंत्र), कॉम्प्युटर, एकेकटी सगळी शहाणी असतात. एकत्र आली की एकमेकांना छळतात. सगळं एका दमात जोडलं असेल, तर छळणारं नेमकं कोण हे कळता कळत नाही. म्हणून एक वस्तू जोडायची, तपासायची, वहीत आकडा लिहायचा, मगच पुढची.

पहिलं काम भिंतीतल्या सॉकेटचं. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, फेज-अर्थ जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेमागे पुष्कळदा तारच नसते. वीज मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, इथे संकोच नको.

मग डीसी. १०० वॉटची रिग बोलताना १३.८ व्होल्टवर साधारण २० ते २२ अँपिअर ओढते, म्हणून सप्लाय ३० अँपिअरचा घ्यावा. सप्लायवर लोक पैसे खर्च करतात आणि घरात पडलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर लावतात. सप्लाय तीन मीटर लांब ठेवला तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते. २० अँपिअरला त्यात जवळजवळ दीड व्होल्ट मरतो आणि रिगला १२.३ च्या आसपासच मिळतात. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. लाल आणि काळी, दोन्ही तारांत फ्यूज हवा, तोही सप्लायच्या टोकाजवळ.

टेबलामागे तांब्याची एक पट्टी बसवा. प्रत्येक यंत्राची अर्थची तार वेगळी, आखूड, थेट त्या पट्टीला. रिगवरून ट्यूनरला, ट्यूनरवरून सप्लायला अशी माळ ओवू नका. बाहेर वेगळा अर्थ रॉड पुरला असेल तर तो घराच्या अर्थिंगशी जोडून घ्या, नाहीतर वीज कडाडली की दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या यंत्रांतून वाट काढतो.

आता ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर उष्णतेत जिरवणारा रोध. अँटेनाच्याही आधी तो घ्या, हे मी प्रत्येक नव्या हॅमला सांगतो. रिग, मग एसडब्ल्यूआर मीटर (किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा), मग डमी लोड, एवढंच जोडून पाच-दहा सेकंद कॅरिअर (आवाजाविना नुसती लहर) सोडा. एसडब्ल्यूआर एकाला चिकटूनच दिसला पाहिजे. दिसला नाही तर दोष तुमच्या केबलच्या तुकड्यांत आहे. बहुतेक वेळा केबलची बाहेरची जाळी पीएल-२५९ कनेक्टरच्या धातूला नीट डाखलेली नसते. हाताने हलवून बघा, काटा नाचला की सापडलं.

कॉम्प्युटर जोडताना सर्वांत जास्त वेळ हाताशी ठेवा. माझ्याकडे एकदा यूएसबी केबल लावून कॉम्प्युटर सुरू करताच रिगचा लाल दिवा लागला आणि विझेचना. मी माईकला हातही लावला नव्हता. कॉम्प्युटर सुरू होताना सीरिअल पोर्टची आरटीएस नावाची संकेताची लाइन वर गेली होती आणि रिगने तिलाच पीटीटी (माईकचं बोलायचं बटण) समजून प्रक्षेपण सुरू केलं होतं. नशिबाने समोर डमी लोड होता. तेव्हापासून क्रम ठरलेला: आधी कॉम्प्युटर पूर्ण सुरू होऊ द्यायचा, सॉफ्टवेअरमध्ये आरटीएस आणि तिच्यासारखीच दुसरी लाइन डीटीआर तपासायची, बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) दोन्हीकडे एकच आहे ना ते बघायचं, आणि मग रिग. एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायची पद्धत) करायचं असेल तर घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या; पंधरा सेकंदांच्या खेपांत एक सेकंदाच्या आतबाहेर असलात तरच समोरचा तुम्हाला वाचू शकतो. ऑडिओ एवढाच द्या की एएलसीचा (पॉवर आपोआप आवरणाऱ्या सर्किटचा) काटा हलू नये, आणि पॉवर तीस-चाळीस वॉटवर आणा, कारण प्रत्येक खेपेत रिग साडेबारा सेकंद सलग जळत असते.

अँटेना शेवटी. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी आधीच लेखी घ्या, आणि विजेच्या तारांपासून लांबची जागा निवडा. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (मधोमध केबल जोडलेल्या दोन समान तारांच्या अँटेनाला) एकूण २० मीटरच्या थोडी वर तार लागते. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त ठेवा, कापलेली तार वाढत नाही. ७.०, ७.१ आणि ७.२ वर एसडब्ल्यूआर मोजून लिहा. डमी लोडवर शांत असलेली यूएसबी अँटेना लावल्यावर तुटायला लागली, तर आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, बाहेरच्या जाळीवरून खोलीत येतंय. फेराइटच्या कड्यामधून यूएसबी केबलचे पाच-सहा वेढे घाला, कोॲक्सलाही फीड पॉइंटवर (केबल अँटेनाला मिळते तिथे) चोक, म्हणजे असाच अडसर, द्या.

लिनियर (पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) असेल तर तो अजून महिनाभर कपाटातच राहू द्या.

आणि खिडकीपाशी कोॲक्सचा जोड असा ठेवा की अंधारातही चटकन सुटेल. वळवाचे ढग दिसले की गडगडाटाची वाट न पाहता तो सोडवा आणि टोक खिडकीबाहेर ठेवा. वीज अगदी जवळ आली असेल तर मात्र केबलला हात लावू नका, खोलीतून बाहेर या.