पाणमांजराचा मोसमी आहार: विष्ठेवरून कसा ओळखायचा

पाणमांजर शिकार करताना क्वचितच दिसतं. काय खाल्लं ते विष्ठा सांगते. (उदमांजर वेगळं, ते झाडावर चढतं. वहीत घोळ नको.) जंगलातल्या नदीवर आधी वनविभागाची परवानगी घ्या.

डोहाकाठचे खडक, वाळूचे पट्टे, नाला नदीला मिळतो ती जागा बघा. ताजी विष्ठा काळपट, चिकट, माशाच्या उग्र वासाची. जुनी राखाडी, भुसभुशीत. ताजीच घ्या, नाहीतर मागच्या मोसमाचं जेवण या मोसमात मोजाल. खडकावर मासेखाऊ घुबडाने ओकलेल्या गोळ्याही पडतात. त्यांतही खेकड्याची कवचं असतात, पण बारीक पिसं, केस निघाले तर गोळीचा संशय धरा. विष्ठेचा ढीग सगळा उचलू नका, ती पाणमांजरांची खुणेची जागा आहे.

प्रत्येक नमुना वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, वर तारीख आणि जागा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. हातमोजे, मास्क लावून रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवा, बारीक चाळणीत धुवा, वाळवा, दहापट भिंगाखाली बघा.

ओळखायला ताडून बघण्याचा संच लागतो. आठवडी बाजारातून रोहू, मरळ, मागूर आणा, उकळा, खवले-हाडं वाळवून चिठ्ठ्या लावा. रोहूच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. मरळीचा जबडा दातेरी. मागूरला खवलेच नाहीत. खवलेच मोजणाऱ्याच्या हिशेबातून तो सुटतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. त्याचा कल्ल्यामागचा जाड काटा शोधा. बेडकाच्या पायाचं हाड दोन हाडं जुळून झालेलं, टोकाशी खाच असलेलं.

उन्हाळ्यात नदी आटून डोह उरतात, मासे कोंडतात. विष्ठेत बहुतेक खवले-काटेच सापडतील. पावसाळ्यात पाणी गढूळ, मासे धानाच्या बांध्यांत चढतात. तेव्हा खेकडे, बेडूक, झिंगे यांच्या खुणा मुद्दाम शोधा. पण पूर विष्ठा धुऊन नेतो, म्हणून दोन मोसमांतल्या नमुन्यांची नुसती संख्या जुळवू नका, टक्केवारी काढा.

40 नमुन्यांपैकी 36 मध्ये मासा म्हणजे 90 टक्के. मात्र 8 नमुन्यांत भुंग्याचा एकेक पंख निघाला तरी 20 टक्के दिसतात, आणि तो भुंगा कदाचित माशाच्याच पोटातला! म्हणून प्रत्येक घटकाला आकारमानाने दहापैकी गुणही द्या.