खाऱ्या पाण्याच्या जुन्या मत्स्यटाकीतली वाळू बदलताना

सगळी वाळू एका दिवसात उपसू नका. तिच्यातले जिवाणू एकदम गेले की माशांना घातक असा अमोनिया चढतो. पाणी बदलाल तेव्हा एक चतुर्थांशच वाळू काढा, पुढचा भाग दोन आठवड्यांनी. हाताने ढवळणं तर नकोच. 20-25 मिमीच्या नळीने सायफन लावून वाळू गाळासकट बादलीत ओढा. ते पाणी परत टाकीत ओतायचं नाही. काळा थर, सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू: नळीचं तोंड थेट त्या थरातच धरा. खडकांखालची वाळू ओढलीत तर खडक कोसळतील. नवी अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि पंप बंद ठेवून पीव्हीसी पाइपमधून तळाशी सोडा. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा. शून्य नसेल तर पुढचा भाग लांबवा.