गुऱ्हाळाच्या काहिलीतून दहा मिनिटांचं अँबियंट

अँबियंट म्हणजे सहसा ताल नसलेला, आवाजांच्या पोतावर उभा राहणारा संगीताचा संथ पसारा. त्याला महागडा सिंथेसायझर लागत नाही, एक नीट केलेलं रेकॉर्डिंग लागतं. कोल्हापूरच्या आसपास दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की ते हाताशीच असतं.

मालकाला आणि गुळव्याला विचारूनच आत जा. काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, दोन मीटरवर, वाफ अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहा. माईकवर दव साचलं की आवाज दबतो. घाण्याच्या मोटरची घरघर १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत येते, म्हणून घाणा थांबलेला असतानाच रेकॉर्ड करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आत राहू द्या. मोबाइल वापरणार असाल तर आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय आधी बंद करा. नाहीतर कुणी जोरात हाक मारली की मागची उकळी दबते आणि हळूहळू पुन्हा फुगते. हा दोष नंतर निघत नाही.

कान लावून ऐका. सुरुवातीला रस पावसाच्या सरीसारखा सळसळतो. मळी काढून रस काकवीकडे झुकला की बुडबुडे मोठे होतात, फुटायला वेळ घेतात आणि ‘बद्... बद्’ असा ओला, जड आवाज येतो. दोन्ही टप्प्यांची किमान पाच-पाच मिनिटं घ्या, त्या वेळात जागचं हलू नका. (रंकाळ्यावरचं पहाटेचं पाणीही चालतं, पण तिथे वारा असतो. माईकवर नुसता फोम पुरत नाही, केसाळ आवरण लागतं.)

घरी आल्यावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये सळसळीचे ३० सेकंद निवडा आणि पॉलस्ट्रेच हा आवाज ताणून लांबवणारा इफेक्ट लावा: ताण ८, टाइम रिझोल्यूशन ०.२५ सेकंद. चार मिनिटांचा धुरकट पट्टा मिळेल. रिझोल्यूशन फार कमी ठेवलं तर आवाज थरथरतो, म्हणून घाई न करता दोन-तीन आकडे ऐकून बघा.

आता खरी गंमत. हा पट्टा सुरात नसतो, तो सुरात आणायचा. रीपर या मिक्सिंगच्या प्रोग्रॅममधल्या ईक्यूत (ठरावीक कंपनसंख्या वर-खाली करायची सोय) तीन अरुंद शिखरं करा: १३८.६, २०७.९ आणि २७७.२ हर्ट्झ. हे काळी एक पट्टीचे सा, प आणि वरचा सा. रुंदी ०.१ ऑक्टेव्ह, प्रत्येक शिखर १८ डेसिबल वर, आणि ट्रॅकचा आवाज तेवढाच खाली. सळसळीतूनच तंबोऱ्यासारखा स्वर वर येतो, आणि त्यात वाफेचा श्वास शिल्लक राहतो. हार्मोनियमचा स्वर बाहेरून आणून चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी जिवंत वाटतं.

मग लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहणारे तुकडे. सुरात आणलेल्या पट्ट्यातून १७ सेकंदांचा, काकवीच्या बुडबुड्यांचा २३ चा आणि मूळ सळसळीचा २९ चा तुकडा कापा. लांबी मुद्दाम विषम ठेवायची: हे तिन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला ३ तास ९ मिनिटं लागतात, त्यामुळे दहा मिनिटांत तिघांची तीच जुळणी हुबेहूब परत येत नाही. लूपच्या सांध्यावर ‘टक्’ येतो. तो घालवण्यासाठी तुकडा दोन सेकंद जास्त लांब कापा, शेवटचे दोन सेकंद वेगळे काढून सुरुवातीवर ठेवा, त्यांना फेड-आउट आणि सुरुवातीला फेड-इन द्या.

रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा) एकच, वेगळ्या ट्रॅकवर; बाकीच्या ट्रॅकचा आवाज सेंडने तिकडे पाठवा, आणि त्या रिव्हर्बच्या ट्रॅकवर २०० हर्ट्झखालचं कापा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब लावला की खालचे सूर एकात एक मिसळून चिखल होतो. बुडबुडे कोरडेच ठेवा, कारण जवळ आणि लांब हा फरक त्यांच्यामुळेच कळतो.

शेवटी सरासरी उणे १८ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि शिखर उणे १ डेसिबल ठेवा. हेडफोनवर तपासलंत की स्पीकरवर अगदी हळू लावून शेजारच्या खोलीत दुसरं काम करत बसा. ज्या क्षणी कान तिकडे खेचला जाईल त्या मिनिटाची नोंद करा. तिथला बुडबुडा तीन डेसिबल कमी करा आणि पुन्हा लावा.