ग्रहाच्या मागे लागण्याआधी ताऱ्याची चौकशी करा

गोव्यात बी.एस्सी. फिजिक्स करणारी मुलं अधूनमधून विचारतात, बाह्यग्रहांवर, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर, काम करायचं तर दुर्बीण कुठली घेऊ? कुठलीच घेऊ नका. जूनपासून चार महिने आपल्याकडे ढग, उरलेल्या काळात दमट हवा आणि किनारपट्टीचा उजेड. आकाशदर्शनाची हौस जरूर करा, पण ती वेगळी गोष्ट. कामाचा डेटा फुकट मिळतो. 2018 मध्ये सोडलेल्या, ताऱ्यांचा प्रकाश मोजत राहणाऱ्या टेस उपग्रहाची निरीक्षणं डिचोलीत बसून जुन्या लॅपटॉपवरही उतरवता येतात. तेवढं पायथन यायला हवं, आणि ते बी.एस्सी.च्या सुट्टीत येतं.

1995 चा 51 पेगासी बी (सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला पहिला ग्रह), तो शोधणारे मेयर आणि केलो, त्यांचं 2019 चं नोबेल हे सगळं तुम्हाला पाठ असणार. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, तेही माहीत असेल. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश साधारण एक टक्का कमी होतो. पृथ्वीएवढा गेला तर 0.0084 टक्के. इथवर पुस्तकात असतं.

पुस्तकात जे दोन ओळींत उरकतात त्यात मी महिनोन्महिने अडकले, म्हणून ते जरा लांबण लावून सांगते. टेसचा एक पिक्सेल आकाशात 21 आर्कसेकंदांचा असतो. पूर्ण चंद्र सुमारे 1800 आर्कसेकंदांचा, म्हणजे हा पिक्सेल फार मोठा नाही असं वाटेल. पण आकाशगंगेच्या पट्ट्यात एवढ्या जागेत सहज तीन-चार तारे मावतात, आणि तुमच्या आलेखात त्या सगळ्यांचा प्रकाश एकत्र येतो. आता समजा तुमच्या ताऱ्याशेजारी तेजस्वितेच्या पाच प्रतींनी मंद, म्हणजे शंभरपट अंधुक तारा आहे, आणि तो खरं तर एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी आहे. ग्रहणात तिचा प्रकाश निम्मा झाला तर एकूण प्रकाशात घट किती दिसेल? जवळपास अर्धा टक्का. गणितात ती घट तुमच्या ताऱ्याच्या नावावर टाकलीत, की शनीपेक्षा थोडा लहान असा झकास ग्रह हातात येतो. ठरावीक काळाने परत येणारा, गुळगुळीत, आणि मुळात नसलेला.

त्यामुळे प्रकाशाच्या आलेखात असा खड्डा दिसला की आनंद बाजूला ठेवा आणि तो मोडून काढायच्या मागे लागा. सम आणि विषम क्रमांकाचे खड्डे वेगळे काढून एकावर एक ठेवा. खोली वेगळी आली तर ती जोडी आहे आणि खरा आवर्तनकाल दुप्पट आहे. मध्येच दुसरा, उथळ खड्डा आहे का पाहा. घट नेमकी कुठल्या पिक्सेलमध्ये होते तेही तपासा. गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या यादीत शेजारी कोण कोण आहेत ते बघायला पाच मिनिटं लागतात; न बघितल्यास सेमिस्टर जातं. आणखी एक: आलेख सपाट करताना, म्हणजे ताऱ्याचे स्वतःचे संथ चढउतार काढून टाकताना, खिडकी (एका वेळी घ्यायचा काळाचा तुकडा) फार अरुंद घेतलीत तर खरा खड्डाच पुसला जातो. पायथनच्या लाइटकर्व्ह पॅकेजमध्ये हे एका ओळीत होतं, म्हणून तर जास्त घात होतो.

घाबरू नका. ही नजर बसते. सरावाला वास्प-18 बी घ्या. गुरूच्या दहापट वस्तुमानाचा हा ग्रह एका दिवसाच्या आतच ताऱ्याभोवती फेरी मारतो, त्यामुळे टेसच्या एका सेक्टरमध्येही (आकाशाच्या एका पट्ट्याची 27 दिवसांची निरीक्षणं) भरपूर खड्डे मिळतात. शिवाय तो इतका तापलेला आहे की ताऱ्यामागे गेल्यावरचा बारीक दुय्यम खड्डाही दिसतो. म्हणजे ‘दुय्यम खड्डा दिसला की जोडीच’ हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. तो किती खोल आहे ते मोजावं लागतं.

ग्रहांच्या वातावरणाकडे सगळ्यांचा ओढा असतो. जेम्स वेब दुर्बिणीला 2022 मध्ये वास्प-39 बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड सापडला, वर्णपटातला 4.3 मायक्रॉनजवळचा तो उंचवटा बघून मीही हरखले होते. पण लहान ग्रहांकडे वळलात की ताऱ्याची भानगड पुन्हा उभी राहते. जीजे 486 बी या लहान ग्रहाच्या वर्णपटात पाण्याची खूण दिसली; ती ग्रहाच्या वातावरणातली असेल किंवा त्याच्या लाल बटू (लहान, कमी तापमानाच्या) ताऱ्यावरच्या थंड डागांमधली, कारण तिथेही पाण्याची वाफ टिकते. त्या डेटावरून निवाडा झाला नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: ताऱ्यांच्या भौतिकीचा पेपर ‘ऑप्शनला’ टाकणाऱ्याने या क्षेत्रात येऊ नये.

सहा आठवड्यांत सर्टिफिकेट देणारे कोर्स? पैसे वाचवा, त्यात ‘जॅम’ आणि ‘जेस्ट’ या प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरून होतील. गाइड निवडताना नावाला भुलू नका. मोठ्या नावाच्या एका सरांकडे माझ्या मैत्रिणीचा मसुदा इतका काळ पडून होता की तिने विषयच बदलला. आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून एकच विचारा, सर मसुदा किती दिवसांत वाचून देतात? आणि घरी मावशी म्हणालीच, ‘एवढं शिकून शेवटी मास्तरीणच होणार ना गो?’, तर हो म्हणा. त्यात वाईट काय आहे?

पुण्याचं आयुका, मुंबईचं टीआयएफआर, बंगळुरूचं आयआयए या संशोधनसंस्था सगळ्यांना माहीत असतात. अहमदाबादच्या पीआरएलकडे (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) आपली मुलं कमी वळतात, आणि माउंट अबूला त्यांच्या अडीच मीटर दुर्बिणीवर बसवलेला पारस-2 हा ताऱ्याच्या डुलण्यावरून ग्रहाचं वस्तुमान काढणारा वर्णपटमापक आहे. कुठेही इंटर्नशिपसाठी लिहाल तेव्हा ‘मला लहानपणापासून ताऱ्यांची आवड’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी एका ताऱ्यावर वरच्या सगळ्या तपासण्या करून ती पायथनची नोटबुक जोडा. ग्रह खोटा निघाला असेल तरी पाठवा, तो कशामुळे खोटा ठरला हे तेवढं लिहा.