दुखापत कोणाला होणार हे तपासणी सांगत नाही. तरीही हंगामाआधीची तपासणी नीट कशी करायची

पाऊस ओसरला की सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाकडची मुलं गोव्यातल्या फुटबॉल क्लबांच्या निवडचाचणीला जायला लागतात. इकडचे संघही तेव्हाच खेळाडूंची वैद्यकीय तपासणी ठरवतात आणि प्रशिक्षक फिजिओला पहिलं हेच विचारतो की, यांतला कोण मोडणार ते सांग. हे सांगणारी चाचणी आज कुठेच नाही. तिच्या नावाखाली संघ निवडला तर चांगल्या मुलाचं वर्ष फुकट जातं. तपासणी करायचीच, पण ती दुसऱ्या कामांसाठी.

भाकीत का जमत नाही

कतारमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मांडीची ताकद आयसोकायनेटिक (ठरावीक वेगाने सांधा हलवत जोर मोजणाऱ्या) यंत्रावर मोजून चार हंगाम त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली गेली. 614 खेळाडू, हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, 190 दुखापती. दुखापत झालेल्यांची ताकद किंचित कमी निघाली खरी, पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले होते की ‘याच्या खाली धोका, याच्या वर निर्धास्त’ अशी रेघ ओढता आली नाही. नॉर्वेचे क्रीडावैद्यक संशोधक रोआल्ड बार यांनी 2016 मध्ये अशा चाचण्यांचा आढावा घेऊन हेच मांडलं. गटात संबंध दिसला म्हणून एकेका खेळाडूचं भाकीत करता येत नाही.

हिशेब मांडून बघा. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या नोंदींप्रमाणे 25 जणांच्या संघात एका हंगामात हॅमस्ट्रिंगच्या पाच-सहा दुखापती होतात. समजा, पाच जणांना होणार आहेत. तुमची चाचणी त्यांतले तीन पकडते आणि उरलेल्या वीसपैकी आठ जणांनाही धोक्यात धरते. यादीत अकरा नावं आली. त्यांतले आठ जण हंगामभर धडधाकट खेळणार, आणि ज्यांना ‘पास’ म्हणून सोडलं त्यांतले दोघं मांडी धरून बाहेर येणार. अशा यादीवरून कोणाला बसवायचं?

शिवाय मोजमाप सप्टेंबरातलं असतं आणि दुखापत डिसेंबरातली. मधले लागोपाठचे सामने, अपुरी झोप, बदललेलं मैदान, समोरच्याची उशिरा आलेली टॅकल, यांतलं काहीच त्या आकड्यात नसतं. सात हालचालींना 21 पैकी गुण देणारी एफएमएस (फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन) चाचणीही याच कारणाने निवडीसाठी वापरू नये. 14 गुण मिळालेला मुलगा मोडणारच आणि 17 वाला टिकणारच, असं काही नसतं.

जुनी दुखापत खोदून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नव्या दुखापतीशी सगळ्यात पक्का संबंध जुन्या दुखापतीचा असतो, आणि ती शोधायला यंत्र लागत नाही. प्रत्येक खेळाडूला एकट्याला बोलवा, वीस मिनिटं धरा आणि प्रशिक्षकाला बाहेर थांबवा. ‘दुखतं का रे?’ असं विचारलंत तर ‘काय एक नाय, बरो आसंय’ हेच ऐकू येणार, कारण डोळ्यांपुढे करार असतो. मोजता येईल असं विचारा. गेल्या दोन वर्षांत दुखण्यामुळे किती सामने चुकले? कोणता पाय? मैदानात परतल्यावर पूर्ण वेगाने धावायला किती दिवस लागले? सध्या सामन्याआधी कोणती गोळी घेतोस? पट्टी कुठे बांधतोस?

मग त्याच जागी हात लावा. दाबल्यावर कळ येते का, दुसऱ्या पायाशी तुलना करता ताकद किती, एका पायावर दहा उड्या मारताना तोंड वाकडं होतं का. अर्धवट बरा झालेला घोटा आणि लपवलेली जांघेची कळ इथेच सापडते. हे आजचं दुखणं आहे आणि त्यावर आजच उपचार सुरू करता येतात.

कागदावर ‘पास/नापास’ असा रकाना ठेवू नका. तीनच रकाने पुरेत: आज काय सापडलं, त्यावर काय करायचं, पुन्हा कधी बघायचं. ही माहिती कोणाकोणाला दिसेल तेही खेळाडूला आधीच लेखी द्या. एकदा का तपासणीवरून मुलगा संघाबाहेर बसला, की पुढच्या वर्षी कोणी खरं सांगत नाही.

हृदय

इथे तपासणी जीव वाचवू शकते. गोव्याच्या डेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर 2004 मध्ये बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात मैदानावरच गेला, हे आपल्याकडच्या फुटबॉलवाल्यांना सांगायला नको. प्रत्येकाचा 12 लीडचा ईसीजी काढा आणि तो हृदयरोगतज्ज्ञाकडून वाचून घ्या. खेळाडूचं हृदय सरावाने बदलतं, त्यामुळे नुसत्या यंत्राच्या छापील अहवालाने उगाच घाबरायला होतं किंवा खरी खूण सुटते.

प्रश्न असे: धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखलं किंवा धडधडलं का? घरात कोणी 35 वर्षांच्या आत अचानक गेलं का? किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक विचारा. चांगलं पोहता येणारं कोणी कारण न कळता बुडालं का? अशा बुडण्यामागे कधी कधी हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक आजार असतो, आणि घरचे ते हृदयाच्या आजारात धरत नाहीत.

ईसीजी चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नका. इंग्लंडमध्ये 1996 ते 2016 या काळात 11,168 किशोर फुटबॉलपटूंची हृदयतपासणी झाली. 42 जणांमध्ये जिवावर बेतू शकणारे आजार सापडले. पुढे आठ जण हृदयविकाराने अचानक गेले, आणि त्यांतल्या सहा जणांची तपासणी स्वच्छ होती. म्हणून एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, मैदानाच्या कडेला हवं, कार्यालयाच्या कुलपात नव्हे. मैदानावरच्या किमान चार जणांना छाती दाबता आली पाहिजे: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. 108 ला फोन कोण करणार आणि रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येणार, हे सामन्याआधी ठरलेलं असावं.

कमी खर्चाची दोन मोजमापं

ही भाकितासाठी नाहीत. मुलगा ठीक असताना त्याचा आकडा किती होता, हे पुढे तुलनेला लागतं.

जांघेसाठी डायलचं रक्तदाबयंत्र पुरतं. खेळाडूला उताणं झोपवा, गुडघे काटकोनात, तळवे जमिनीवर. पट्टा गुंडाळून गुडघ्यांमध्ये ठेवा, काटा 10 वर येईपर्यंत हवा भरा आणि पाच सेकंद पूर्ण जोराने दाबायला सांगा. मध्ये थोडी विश्रांती देत तीन वेळा करा, सगळ्यात मोठा आकडा लिहा, सोबत दुखणं 0 ते 10 मध्ये. पट्टा प्रत्येक वेळी तोच आणि तसाच गुंडाळलेला हवा, नाहीतर आकडा पट्ट्यामुळे बदलतो आणि आपण खेळाडूला दोष देतो.

घोट्यासाठी भिंत आणि मोजपट्टी. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटरवर ठेवता येतो ते मोजायचं. दोन पायांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर जुना मुरगळलेला घोटा पुन्हा तपासा.

प्रतिबंधाचे व्यायाम सगळ्यांना

फक्त ‘धोक्यातल्यां’ना व्यायाम देण्याची चूक सर्रास होते. आपल्या हिशेबातले ‘पास’ होऊनही दुखापत झालेले ते दोघं अशाने कोरडेच राहतात. डेन्मार्कमध्ये 50 संघांतल्या 942 खेळाडूंवर प्रयोग झाला. ज्या संघांतल्या सगळ्यांनीच हॅमस्ट्रिंगसाठीचा नॉर्डिक व्यायाम केला त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्या संघांत 52.

कृती सोपी आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं आणि हातांनीच ढकलून परत यायचं. कमरेत वाकलं की भार निघून जातो. इथेच बहुतेक जण फसवतात. पहिल्या आठवड्यात एकदाच, 5 चे 2 संच. दुसऱ्यात दोनदा, 6 चे 2. तिसऱ्यात तीनदा, 6 ते 8 चे 3. चौथ्यात तीनदा, 8 ते 10 चे 3. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत आठवड्यातून तीनदा 12, 10 आणि 8 असे संच, आणि पुढे आठवड्यातून एकदा. सरावाच्या शेवटी करा, सामन्याच्या आदल्या दिवशी टाळा. पहिल्याच दिवशी 30 वेळा करायला लावलं की मुलं दोन दिवस जिना उतरू शकत नाहीत आणि मग व्यायामच सोडून देतात. जांभ्याच्या मैदानावर गुडघ्याखाली जाड चटई हवीच.

सरावाआधी फिफा 11+ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा घ्या. सामन्याच्या दिवशी त्यातले धावण्याचे दोन भागच करायचे.

मैदान आणि आठवड्याची नोंद

पावसाळ्यातला मऊ चिखल सुटून दिवाळीनंतर जांभा कडक होतो, तेव्हा सराव एकदम वाढवू नका. पुळणीवर धावायला नेत असाल तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर न्या. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटरी आणि टाचेच्या शिरेवर भार वाढतो, म्हणून तिथे सुरुवात दहा मिनिटांनीच. किनारा उतरता असतो. जितकं एका दिशेने धावाल तितकंच उलट दिशेने धावा, नाहीतर एकच पाय सतत खालच्या बाजूला राहतो.

प्रत्येक सरावानंतर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारा, 0 ते 10 मध्ये किती जड गेला, आणि त्याला मिनिटांनी गुणा. 90 मिनिटं गुणिले 6 म्हणजे 540. आठवड्याची बेरीज अचानक उसळलेली दिसली तर पुढचा आठवडा हलका ठेवा. सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी जांघेचा आकडा पुन्हा घ्या. मूळ आकड्यापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त उतरला किंवा दाबताना कळ आली, तर त्या दिवशी पूर्ण वेगाची धाव, किक मारणं आणि दिशा बदलणं बंद. 48 तासांनी परत मोजा, आणि आकडा वर आला नसेल तर पुढच्या सामन्याचा विचार करण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा.