इंग्रजीत ‘हॅव’, ‘हॅड’ की साधा भूतकाळ? काळ निवडायचा कसा

इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या मराठी माणसाला बारा काळांचा तक्ता येतो, ‘गो, वेंट, गॉन’ही पाठ असतं. चूक होते ती निवडीत. मनात ‘आलो आहे’ आलं की तोंडातून ‘हॅव’ निघतं, ‘गेलो होतो’ आलं की ‘हॅड’. मराठीतले ‘आहे’ आणि ‘होतो’ या दोघांशी एकास एक जुळत नाहीत. म्हणून काळ क्रियापदाच्या शेपटीवरून ठरवू नका, वेळेवरून ठरवा.

१. आधी वेळ शोधा

‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन 2019’ अशी संपलेली वेळ वाक्यात असेल, तर सिंपल पास्ट. ‘तो काल आला आहे’ हे मराठीत बिनचूक आहे, पण ‘ही हॅज कम यस्टरडे’ चूक. बरोबर वाक्य ‘ही केम यस्टरडे’. प्रेझेंट परफेक्टचं एक टोक आत्ताच्या क्षणाला बांधलेलं असतं, त्यामुळे संपलेली वेळ त्याच्यासोबत चालत नाही. याच कारणाने एखादी गोष्ट कधी घडली हे विचारताना ‘व्हेन हॅव यू बॉट इट?’ नाही, ‘व्हेन डिड यू बाय इट?’

२. वेळ नसेल, किंवा संपलेली नसेल

‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही. ‘आय लॉस्ट माय की’ फक्त हरवल्याचं सांगतं. पुढे ती मिळाली की नाही, हे त्यातून कळत नाही. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘सो फार’, ‘एव्हर’, ‘नेव्हर’ हे शब्द बहुधा प्रेझेंट परफेक्टकडे नेतात. ‘धिस मॉर्निंग’ मात्र घड्याळावर अवलंबून: सकाळी दहाला ‘आय हॅव मेड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग’, तेच संध्याकाळी सांगताना ‘आय मेड थ्री कॉल्स’.

बोलताना काळ मध्येच बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. ‘आय हॅव बीन टू जपान’ अशी सुरुवात केली, तरी तपशील सांगायला लागलात की ‘आय वेंट इन 2018, आय स्टेड फॉर अ मंथ’. शेवटपर्यंत ‘हॅव’ ओढत नेणं कानाला खटकतं. (‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांसोबत अमेरिकन लोक सर्रास सिंपल पास्ट वापरतात: ‘डिड यू ईट येट?’ ती चूक नव्हे.)

३. अजून चालू असेल तर

‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ केलं की एका वाक्यात दोन चुका होतात. हवं ते असं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून गोंधळ होतो. सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’ (सिन्स 2020, सिन्स मंडे), कालावधी असेल तर ‘फॉर’. ‘नो’, ‘ओन’, ‘बिलीव्ह’ अशा स्थितिदर्शक क्रियापदांना मात्र ‘आयएनजी’ लावू नका: ‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स’.

४. ‘हॅड’ला हात आवरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘मी काल डॉक्टरांकडे गेलो होतो’ यातला ‘होतो’ जाऊन आल्याचं, विषय मागे पडल्याचं सुचवतो. इंग्रजीला त्यासाठी साधं ‘आय वेंट टू द डॉक्टर यस्टरडे’ पुरतं. ‘आय हॅड गॉन’ म्हटलंत, तर ऐकणारा पुढच्या भागाची वाट बघत राहतो: कशाच्या आधी गेला होतात?

भूतकाळातल्या दोन घटना असतील आणि त्यांतली कुठली आधीची हे दाखवणं गरजेचं असेल, तेव्हाच ‘हॅड’ घ्या. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे गाडी चुकली. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोचलो आणि गाडी हलली. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’मुळे क्रम उघड झाला असेल, तर दोन्हीकडे सिंपल पास्ट चालतो.

लिहून झाल्यावर मजकुरातल्या प्रत्येक ‘हॅड’खाली रेघ मारा (मालकी दाखवणारा ‘हॅड’ सोडून) आणि ‘कशाच्या आधी?’ असं विचारा. उत्तर आसपासच्या वाक्यांत सापडलं नाही, तर तो खोडा.

५. शेवटी रूप तपासा

‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’नंतर तिसरं रूप: ‘हॅव सीन’, ‘हॅव सॉ’ नव्हे. ‘डिड’, ‘डिडन्ट’नंतर मूळ रूप: ‘डिडन्ट गो’, ‘डिडन्ट वेंट’ नव्हे. आणि ‘ही हॅज गॉन टू लंडन’ म्हणजे तो अजून तिकडेच आहे. जाऊन आला असेल तर ‘ही हॅज बीन टू लंडन’.

सरावाला चार वाक्यं

उत्तरं झाकून आधी स्वतः करून बघा.

मी हा सिनेमा दोनदा पाहिला आहे. – आय हॅव सीन धिस फिल्म ट्वाइस.
मी हा सिनेमा गेल्या वर्षी पाहिला होता. – आय सॉ धिस फिल्म लास्ट इयर.
मी पोचलो तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. – द फिल्म हॅड स्टार्टेड व्हेन आय गॉट देअर.
मी तासभर वाट बघतोय. – आय हॅव बीन वेटिंग फॉर ॲन अवर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही मराठी वाक्यांत ‘होता’ आहे, पण ‘हॅड’ फक्त तिसऱ्यात आला. ‘कशाच्या आधी?’ याचं उत्तर, ‘मी पोचण्याच्या आधी’, तिथेच मिळतं.