कोथिंबिरीच्या जुडीपासून : शहराच्या भाजीबाजाराचा अभ्यास कसा करावा

पुण्यासारख्या शहरात कोणाच्या ताटात काय पोहोचते, हे शोधायला निघालेला विद्यार्थी बहुधा आधी प्रश्नावली छापून घेतो आणि तिथेच चुकतो. प्रश्नावली पुढे लागेलच. परंतु आरंभी एकच भाजी निवडून गुलटेकडीच्या मार्केट यार्डापासून शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत तिच्या मागे जावे. कोथिंबीर या कामाला उत्तम, कारण ती गरीब-श्रीमंत सगळेच घेतात आणि सकाळची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकत असल्याने तिचा भाव एकाच दिवसात अनेकदा बदलतो.

दिवसाची निवड विचारपूर्वक करावी. मार्केट यार्डातील भाजीपाला विभागाला शनिवारी सुट्टी असल्यामुळे रविवारी आवक मोठी असते. म्हणून रविवारबरोबर आठवड्याच्या मधला एखादा दिवसही घ्यावा. सणवारही पाहावेत, आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीचा रताळ्याचा भाव पुढच्या महिन्याबद्दल काहीही सांगत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा मापांचा होतो. घाऊक बाजारात पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर निघतो, वर्तमानपत्रे फळभाज्यांचे भाव दहा किलोला छापतात, राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात क्विंटल असतो आणि गल्लीत पाव किलो, जुडी किंवा वाटा चालतो. माझ्या पहिल्या वहीत घाऊक जुडी दहा रुपये आणि पथारीवरची जुडीही दहाच रुपये अशी नोंद आहे, आणि त्यावरून विक्रेत्याला काहीच सुटत नाही असे मी लिहूनही टाकले होते. दुसऱ्या दिवशी त्याच पथारीशेजारी तासभर बसल्यावर दिसले की, मावशी गोणपाटावर जुडी सोडत होत्या, पिवळी पाने खुडून बाजूला टाकत होत्या आणि उरलेल्या काड्यांच्या दोन जुड्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत होत्या. तेव्हापासून मी ताणकाटा बरोबर ठेवतो आणि जुडी पाणी मारण्याआधी व नंतर अशी दोनदा तोलतो. खुडून टाकलेला पालाही तोलावा, कारण विक्रेत्याच्या नफ्यातून तोच वजा होतो.

शेतकऱ्याच्या हाती काय पडले हे भावफलकावरून कळत नाही. त्यासाठी पट्टी, म्हणजे आडत्याकडून शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशेबाची पावती, पाहावी लागते. पणन मंडळ बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर प्रसिद्ध करते, तर पट्टीवर त्या दरातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडे कापल्यानंतरचा आकडा असतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत (आडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या पट्ट्या शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करणे चुकीचे ठरते.

किरकोळ बाजार म्हणजे केवळ मंडई असे समजू नये. १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झालेली महात्मा फुले मंडई देखणी खरी (नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी याच इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा), परंतु वस्तीतली भाजी बहुतेक करून हातगाडी आणि पथारीवरच मिळते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने किमान दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण सांगितले असले, तरी प्रमाणपत्र नसलेला विक्रेता सरकारी यादीत सापडत नाही. म्हणून रस्ता पायी फिरून आपली यादी आपणच करावी, एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठनंतर. घरकाम आटोपून परतणाऱ्या बाईच्या दृष्टीने दुपारी बंद होणारे दुकान अस्तित्वातच नसते, मग ते नकाशावर घरापासून शंभर पावलांवर का असेना.

घरोघरी विचारताना रेशनकार्डाचा प्रश्न टाळू नये. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, मात्र लाभार्थ्यांची मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. नंतर शहरात आलेल्या, कार्ड नसलेल्या घरात धान्याचे पैसे आधी बाजूला पडतात आणि भाजीच्या वाट्याला उरलेसुरले येते. उधारी कोण देतो, हा प्रश्न इथे भावापेक्षा जास्त सांगून जातो.

बोहनी होण्याआधी कोणालाही प्रश्न विचारू नयेत, काहीतरी विकत घ्यावे आणि वहीत नाव लिहू नये. हप्त्याचा विषय आपणहून काढू नये. निघालाच, तर जागा ओळखता येईल असे लिहू नये. शेवटची नोंद पथारी आवरण्याच्या वेळची असावी. त्या अर्ध्या तासात दहाची जुडी पाचला जाते, आणि तिच्यासाठी थांबून राहिलेली माणसे कोण, हे दिवसाच्या इतर कोणत्याही वेळी दिसत नाही.